गुलदारच्या पोटातले रणगाडे

दौंड जंक्शनवरून मनमाडच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर अधूनमधून लष्कराची खास मालगाडी दिसते. उघड्या सपाट डब्यांवर ताडपत्रीने झाकलेले रणगाडे रांगेत उभे असतात. नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हे चिलखती दलाचं देशातलं मोठं ठाणं आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आणि गोळाबाराच्या सरावाची के. के. रेंज हे सगळं तिथेच आहे. गाडी थांबलेली असताना नीट पाहिलं, तर प्रत्येक रणगाडा साखळ्यांनी डब्याला जखडलेला दिसतो आणि त्याच्या पट्ट्यांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे ठोकलेले दिसतात. रुळांवरची गाडी निघताना आणि थांबताना धक्का देते, वळणावर थोडी कलते. तेवढ्यासाठी एवढी बांधाबांध. मग तोच एकेचाळीस टनांचा टी-७२ रणगाडा जहाजात घालून पावसाळ्यातल्या समुद्रावरून न्यायचा झाला, तर काय करावं लागत असेल?

समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या शिरूर-दौंडकरांना हा प्रश्न परका वाटेल, पण शिरूरचं आणि त्याचं नातं जुनं आहे. घोडनदीकाठचं शिरूर ही इंग्रजांची छावणी होती. जून १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावावर लादलेल्या पुणे करारानुसार पेशव्यांच्या खर्चाने एक घोडदळ उभारण्यात आलं, आणि पुढे कित्येक वर्षं शिरूर हे त्याचं ठाणं होतं. हेच पुढचं पूना हॉर्स. १८५६-५७ च्या इराण मोहिमेत या घोडदळाला जहाजाने इराणी आखातातल्या बुशेर बंदराकडे पाठवलं गेलं. ८ फेब्रुवारी १८५७ ला खुशाबच्या लढाईत त्यांनी इराणी पलटणीचं निशाण जिंकलं. त्यावरचा चांदीचा पंजा आजही या रेजिमेंटच्या मानचिन्हात आहे. लढाईचं वर्णन सगळे करतात, पण माझं कुतूहल त्याआधीच्या समुद्रप्रवासाबद्दल आहे. घोडनदीचं पाणी प्यालेली जनावरं जहाजाच्या पोटात उभी राहून अरबी समुद्र ओलांडून गेली.

शिडाच्या आणि वाफेच्या जहाजांवर घोडा पोटाखालून कॅनव्हासचा रुंद पट्टा घालून कप्पीने वर उचलत आणि खाली तळघरात उतरवत. तिथे त्याला अरुंद ठाणात उभं करत, म्हणजे जहाज कललं तरी तो आडवा पडू नये. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे समुद्र लागला की त्याच्या पोटाचे हाल माणसापेक्षा वाईट होतात. खाली हवा कोंडे, लाकडी फळ्या ओल्या होऊन खूर घसरत. कोंडलेली हवा, घसरणारी जमीन आणि एकदम एका बाजूला झुकणारं वजन, हे तीन धोके घोड्यांच्या काळात होते आणि रणगाड्यांच्या काळातही तेच आहेत. पूना हॉर्सनेही पुढे घोडे सोडून रणगाडे घेतले. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता शहीद झाले, तो ‘फामागुस्ता’ आज नगरला जपून ठेवलेला आहे. शिरूरहून नगर रस्त्याने तासाभरात पोचता येतं. विलायतेत बनलेले ते सेंच्युरियन रणगाडेही भारतात आले ते जहाजानेच.

आता त्या एकेचाळीस टनांचा हिशोब करू. जहाज एका बाजूला वीस अंश कललं, तर रणगाड्याच्या वजनापैकी सुमारे चौदा टनांचा जोर त्याला त्या बाजूला ओढतो. असे पाच रणगाडे असतील तर सत्तर टन. त्यात लाटेच्या हिसक्याची भर वेगळी, कारण जहाज नुसतं कलत नाही, ते उसळतं आणि आपटतं. पोलादी डेकवर पोलादी पट्टे, मध्ये खारं पाणी आणि डिझेलचा ओघळ, अशा स्थितीत घर्षण इतकं कमी होतं की आठ-दहा अंशांच्या कलानेही सुटा रणगाडा सरकू लागेल. आणि एकदा सरकला, की तो जहाजाच्या भिंतीवर आदळेपर्यंत थांबत नाही. तिथे साचलेलं वजन जहाजाला त्याच बाजूला आणखी झुकवतं, आणि मग शेजारचा रणगाडाही सुटतो.

म्हणून वाहनं नेणाऱ्या जहाजाच्या डेकवर ठरावीक अंतराने पोलादी खोबण्या बसवलेल्या असतात. त्यांत साखळ्यांची टोकं अडकवतात आणि स्क्रूने पिळून ताण देतात. साखळ्या चारही कोपऱ्यांतून तिरक्या जातात, म्हणजे पुढचा, मागचा, बाजूचा आणि वरचा असा प्रत्येक हिसका कुठली तरी साखळी झेलते. पट्ट्यांखाली लाकूड किंवा रबर घालतात. बॅटरीची जोडणी सोडवून ठेवतात, तोफ जखडतात आणि दर पाळीला एक जण विजेरी घेऊन साखळ्या तपासत फिरतो, कारण जहाजाच्या थरथरीने स्क्रू सैल पडतात. उंचीचंही गणित असतं. गळिताच्या हंगामात पाटस-न्हावऱ्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळणावर कसा जीव मुठीत धरून चालतो, हे पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. वजन जितकं वर, तितका तोल नाजूक. म्हणूनच रणगाडे सगळ्यांत खालच्या डेकवर असतात आणि हलक्या जीप, ट्रक वरच्या डेकवर.

लादण्याचा क्रमही उतरण्याच्या क्रमावरून ठरतो. किनाऱ्यावर जे पहिलं उतरायला हवं, ते शेवटी आत घ्यायचं. जहाजाला फक्त पुढूनच दार असेल तर वाहन उलटं चालवत आत आणायचं, म्हणजे बाहेर पडताना ते सरळ तोंडाने पडेल. अंधुक उजेडात, भिंतीपासून हातभर अंतर राखत, मार्गदर्शकाच्या हाताच्या खुणांवर रणगाडा मागे घेणं ही चालकाच्या कौशल्याची कसोटी असते. त्यात इंजिनांचा धूर. बंद डेकवर पाच डिझेल इंजिनं एकाच वेळी सुरू झाली, की मोठे पंखे आधीपासून फिरत नसतील तर माणसं काही मिनिटांत गुदमरतील. म्हणून उतरण्याच्या वेळी आधी पंखे, मग इंजिनं आणि शेवटी साखळ्या सोडणं, असा क्रम पाळतात.

या सगळ्यात सर्वांत धोक्याची जागा म्हणजे ते दार. जहाजाच्या तोंडाला एवढं मोठं भोक पाडणं हे जहाजबांधणीच्या अंगभूत शहाणपणाच्या विरुद्ध आहे. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून निघालेल्या ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ या फेरीबोटीचं पुढचं दार उघडंच राहिलं. बोटीने वेग घेताच पाणी वाहनांच्या डेकवर शिरलं. तो डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा, मध्ये एकही आडवी भिंत नाही. पाणी एका बाजूला धावलं आणि बोट काही मिनिटांत आडवी झाली. १९३ माणसं गेली. घोट्याएवढं पाणीसुद्धा मोकळ्या डेकवर शेकडो टनांचं होतं आणि ते बांधता येत नाही, हे त्या दिवशी जगाला कळलं.

किनाऱ्यावर थेट चढणाऱ्या जहाजाची रचना आपल्यातल्या अनेकांनी लहान प्रमाणात पाहिलेली आहे. दाभोळ-धोपावे खाडी ओलांडताना गाडी घेऊन जाणारी फेरीबोट तळाला सपाट असते, तिला पुढे उघडणारी फळी असते आणि ती उतारावर टेकली की गाड्या चाकं न भिजवता उतरतात. युद्धनौकेचं तत्त्व तेच, फक्त समोर धक्का बांधलेला नसतो आणि समुद्र खुला असतो. किनारा जवळ आला की जहाज आपल्या पोटातल्या टाक्यांमधलं पाणी असं हलवतं की पुढचा भाग वर उचलला जावा. मग बऱ्याच अंतरावर मागचा नांगर टाकायचा, त्याची तार सैल सोडत पुढे जायचं आणि वाळूवर नाक टेकवायचं. काम झालं की तीच तार गुंडाळत स्वतःला मागे ओढून घ्यायचं. भरतीची वेळ चुकली तर जहाज पुढच्या भरतीपर्यंत वाळूवर अडकून पडतं, आणि युद्धात तेवढा वेळ शत्रूला पुरेसा असतो. सपाट तळाची किंमतही मोजावी लागते. अशी जहाजं खोल समुद्रात इतकी डोलतात की आतल्या सैनिकांची उतरण्याआधीच दमछाक होते.

किनारा ओळखणं किती अवघड आहे, हे आपल्या नौदलाने १९७१ च्या डिसेंबरात फार महागात शिकून घेतलं. पूर्व पाकिस्तानातून ब्रह्मदेशाकडे निसटणाऱ्या सैन्याची वाट अडवायला कॉक्स बझारजवळ गुरखा पलटण उतरवायची होती. ‘विश्वविजय’ या व्यापारी जहाजातून जवानांना ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ या दोन उतरण-नौकांवर घेतलं गेलं. किनारा वरून सरळ दिसत होता. पण पाण्याखाली आधी वाळूचा बांध होता आणि त्याच्यामागे खोल चर. जहाजाचं नाक बांधाला टेकलं, किनारा आला असं वाटलं, फळीवरून पहिले जवान उतरले आणि पाठीवरच्या ओझ्यासकट खोल पाण्यात गेले. त्यांत काहींचा बुडून मृत्यू झाला. उरलेल्यांना शेवटी स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर न्यावं लागलं. लाटांच्या रंगावरून आणि फुटण्याच्या जागेवरून पुळणीचा तळ वाचणारा कोळी त्या दिवशी सोबत असता, तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. आज अशा किनाऱ्याची आधी पाणबुडे पाठवून पाहणी केली जाते.

१९७१ च्या त्या ‘गुलदार’चं नाव पुढे दुसऱ्या जहाजाला दिलं गेलं, आणि या लेखाचं खरं पात्र तेच आहे. हे नवं ‘आयएनएस गुलदार’ पोलंडमध्ये बांधलेलं, ३० डिसेंबर १९८५ ला ग्दिनिया इथे भारतीय नौदलात दाखल झालेलं. लांबी सुमारे ८३ मीटर, पोटात पाच रणगाडे आणि दीडशेच्या वर जवान नेण्याची क्षमता. ‘चीता’, ‘कुंभीर’ आणि ‘गुलदार’ ही तीन भावंडं अंदमान-निकोबार कमांडमध्ये राबली. श्रीलंकेतल्या कामगिऱ्या, २००४ च्या त्सुनामीनंतरची मदत, बेटांवर सामान पोचवणं, हे सगळं त्यांनी केलं. तिघींनी मिळून १३०० हून अधिक वेळा किनाऱ्यावर नाक टेकवलं. दर वेळी वाळू तळाचा रंग खरवडून नेते, दर वेळी फळीच्या बिजागऱ्यांत खारं पाणी आणि वाळू शिरते. तरीही तिन्ही जहाजं जवळजवळ चाळीस वर्षं चालली. १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला सूर्यास्ताच्या वेळी त्यांचं निशाण एकत्र उतरवण्यात आलं.

त्यांच्यानंतरच्या पिढीत ‘शार्दूल’ वर्गाची जहाजं आली. कोलकात्याच्या गोदीत बांधलेली ही जहाजं अकरा रणगाडे नेतात. २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेलं ‘जलाश्व’ तर किनाऱ्याला टेकतच नाही. त्याच्या पोटातच एक गोदी आहे. मागचा भाग पाणी भरून खाली बसवायचा, मोठं दार उघडायचं, की आतल्या छोट्या नौका रणगाड्यासह तरंगत बाहेर पडतात.

उतरलेलं वाहन परत आलं, की त्याचं पहिलं काम असतं गोड्या पाण्याची आंघोळ. पट्ट्यांचे सांधे, चाकांचे बेअरिंग, ब्रेक, तळाची फट न् फट धुऊन वंगण भरलं नाही, तर मीठ काही आठवड्यांत आपलं काम सुरू करतं. त्यानंतर रणगाडा शेडमध्ये जातो, कोरडा होतो. जहाजाला मात्र ही सोय नाही. ते त्याच पाण्यात उभं राहतं. जहाजांचं जतन इतकं अवघड का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये फेब्रुवारी १९९४ पासून जुने रणगाडे मांडलेले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या गाड्यांपासून पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनपर्यंत जवळपास पन्नास वाहनं तिथे पाहता येतात. त्यांतली बरीचशी उघड्यावर आहेत. नगरचा पाऊस कमी, हवा कोरडी, पोलाद जाड. वर्षाआड रंग, तळात साचलेलं पावसाचं पाणी काढायला भोकं आणि झाकणांना सील, एवढं नेमाने केलं तरी असा रणगाडा शंभर वर्षं उभा राहील. शिवाय ही कामं करायला शेजारीच लष्कराची वर्कशॉपं आणि माणसं आहेत.

आता मुंबईकडे पाहू. ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ ला नौदलात आली, १९७१ मध्ये तिच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले आणि ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. २००१ मध्ये ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. शाळांच्या सहली यायच्या, मुलं उड्डाणपट्टीवर धावायची. २०१२ मध्ये ती सुरक्षित राहिली नाही म्हणून बंद करण्यात आली. राज्य सरकारने तिचा खर्च पेलणार नाही असं सांगितलं, लिलाव झाला, साठ कोटींना ती विकली गेली. न्यायालयात दाद मागितली गेली, तीही फेटाळली गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या जागी तिचं तोडकाम सुरू झालं. तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून पुण्याच्या बजाज ऑटोने २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाची मोटरसायकल काढली. म्हणजे समुद्रावरचं पोलाद शेवटी रस्त्यावर आलं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटसमोर शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी तिच्याच पोलादातून घडवलेलं स्मारक उभं राहिलं. मला त्या स्मारकाबद्दल आदर आहे, पण दोनशेहून अधिक मीटर लांबीच्या त्या डेकवर उभं राहण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

विक्रांतचं काय चुकलं? सगळा दोष सरकारी अनास्थेवर टाकला जातो आणि त्यात तथ्यही आहे. पण मुळात युद्धनौका ही वास्तू नाही. कार्यरत विक्रांतवर हजाराच्या आसपास माणसं राहत होती आणि त्यांच्या रोजच्या कामाचा मोठा हिस्सा जहाज जिवंत ठेवण्याचाच होता. हातोड्यांनी गंज पाडणं, तारेच्या ब्रशने घासणं, प्राइमर लावणं, रंग देणं, आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या टोकापासून पुन्हा सुरुवात करणं. निशाण उतरलं, की ही हजार माणसं एका दिवसात निघून जातात. जहाज मात्र तेवढंच मोठं राहतं, आणि समुद्राचं काम थांबत नाही.

ते काम सगळीकडे सारखं चालत नाही. खोल पाण्याखाली प्राणवायू कमी, म्हणून गंज संथ असतो. सर्वांत वाईट जागा म्हणजे पाण्याची रेषा, जिथे पोलाद दिवसभर भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं आणि भरपूर हवाही मिळते. तिथला पत्रा आधी पातळ होतो. तळावर शिंपल्यांसारखे कठीण कवचाचे जीव चिकटतात, त्यांच्याखाली रंग उचकटतो. जहाजाच्या तळावर जस्ताच्या वड्या बसवलेल्या असतात. पोलाद आणि जहाज पुढे ढकलणारे कांस्याचे पंखे एकाच खाऱ्या पाण्यात असले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि पोलाद झिजतं. जस्त शेजारी असलं, की ते स्वतः आधी झिजतं आणि पोलादाला वाचवतं. पण या वड्या संपतात आणि ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. आतून तर शत्रू जास्त लपलेला असतो. रिकाम्या टाक्या, पाइपांच्या मागच्या फटी, डेकमधून झिरपून साचलेलं पावसाचं पाणी, बंद कप्प्यांतली दमट हवा. बाहेरून रंगवलेलं, झगमगतं जहाज आतून चाळणी झालेलं असू शकतं.

जहाज पाण्यातच ठेवायचं, तर त्यावर जगाला माहीत असलेला उपाय एकच आहे. समुद्राचं पाणी आत घेणारी सगळी तोंडं पोलादी झाकणांनी बंद करायची, आतल्या कप्प्यांत हवा कोरडी ठेवणारी यंत्रं चालवायची, आणि काही वर्षांनी जहाज कोरड्या गोदीत चढवून तळाची जाडी मोजायची, पातळ पत्रे बदलायचे. हे गोदीत चढवणंच सर्वांत महाग. अमेरिकेची ‘टेक्सस’ ही दोन्ही महायुद्धांत लढलेली युद्धनौका १९९० नंतर थेट ऑगस्ट २०२२ मध्ये गोदीत गेली. मधल्या काळात तिच्यात शिरणारं पाणी पंप अहोरात्र बाहेर फेकत होते. टेक्सस राज्याने तिच्यासाठी साडेतीन कोटी डॉलर दिले. ‘द सलिव्हन्स’ ही विनाशिका तर एप्रिल २०२२ मध्ये बफेलो शहरात धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच बुडून तळाला बसली. पैसे असलेल्या देशांतही हे घडतं.

मुंबईत विमानवाहू नौका मावेल अशी नौदलाची मोठी कोरडी गोदी सप्टेंबर २०१९ मध्ये तयार झाली. विक्रांत त्याआधीच गेली होती. दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’ २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिला शेवटच्या डागडुजीसाठी २०१६ मध्ये कोचीला न्यावं लागलं आणि परत येताना ती ओढत आणावी लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. ती कागदावर राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये विराट गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर चढली आणि तुटली. साडेअडतीस कोटींत तिचा व्यवहार झाला होता.

जिथे जहाज पाण्यातून बाहेर काढलं, तिथे मात्र आपल्याला यश आलं आहे. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी २००२ पासून वाळूवर काँक्रीटच्या बैठकीवर उभी आहे आणि लोक तिच्यातून चालत जातात. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका आहे. आपल्या कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी ‘टी-८०’ ही वेगवान गस्ती नौका आणून ठेवली आहे. ज्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजं बांधायला घेतली, तिच्याच काठी. आकार लहान असला तरी माझ्या मते ही निवड फार शहाणपणाची आहे. पंचवीस मीटरची नौका महापालिकेला सांभाळता येते, दोनशे मीटरची नाही. जपानने आपली ‘मिकासा’ ही जुनी युद्धनौका काँक्रीटमध्ये रोवली आणि इंग्लंडने ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून कोरड्या गोदीत ठेवली, तेही याच विचाराने.

रणगाडे आणि जहाज दोन्ही एकत्र जपल्याचं एक उदाहरण मला विशेष प्रिय आहे. इंग्लंडची ‘एलसीटी ७०७४’ ही नौका ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी उतरणीत दहा रणगाडे घेऊन गेली होती. नंतर ती नाइट क्लब झाली आणि शेवटी एका गोदीत बुडून पडली. २०१४ मध्ये तिला वर काढलं, दुरुस्त केलं, आणि २०२० मध्ये पोर्ट्समथला छपराखाली, जमिनीवर ठेवलं. तिच्या डेकवर शर्मन आणि चर्चिल असे दोन रणगाडे उभे आहेत. तिथे उभं राहिलेल्या माणसाला साखळी, उतार आणि अरुंद भिंत हे सगळं वाचावं लागत नाही, ते समोर दिसतं.

आपल्या ‘गुलदार’च्या वाट्याला वेगळा मार्ग आला. २२ फेब्रुवारी २०२५ ला कारवारमध्ये नौदलाने ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली. ज्या निवतीच्या समुद्रात विराटची योजना अडकली, तिथेच गुलदारला बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक करण्याचं ठरलं, त्यासाठी केंद्राने ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले. बुडवणं म्हणजे सोडून देणं, असं अनेकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. ज्या समुद्राशी भांडून जहाज टिकत नाही, त्याच समुद्राला ते घर म्हणून देणं हा प्रामाणिक मार्ग आहे, पण तो नीट केला तरच.

नीट म्हणजे काय, तर बुडवण्याआधी इंधन, वंगण, हायड्रॉलिक तेल, बॅटऱ्या, विषारी रंग आणि जुन्या केबलींचं आवरण शेवटच्या थेंबापर्यंत, शेवटच्या तुकड्यापर्यंत काढलेलं असायला हवं. निवतीच्या मच्छीमारांची रोजी त्याच पाण्यावर आहे. मग दारं काढून टाकायची किंवा कायमची जखडायची, भिंतींना मोठी तोंडं पाडायची, म्हणजे पाणबुड्याला प्रत्येक खोलीतून वर उजेड दिसेल. या बाबतीत गुलदारचा रणगाडा-डेक वरदान आहे. खांब आणि भिंती नसलेली लांब मोकळी जागा पाणबुड्यांसाठी सर्वांत सुरक्षित. जॉर्डनने २०१९ मध्ये अकाबाच्या समुद्रात स्वच्छ केलेले रणगाडे आणि चिलखती गाड्या उतरवून पाण्याखालचं लष्करी संग्रहालय उभं केलं. भंगारात निघालेला एखादा जुना रणगाडा तेल काढून, घासूनपुसून गुलदारच्या डेकवर साखळ्यांनी बांधून ठेवता आला, तर पाणबुड्याला कळेल की हे जहाज कशासाठी बांधलं होतं. तसा एक रणगाडा दौंडमार्गे रेल्वेने कोकणाकडे पाठवणं लष्कराला अवघड नाही.

साखळ्यांचा आग्रह मी उगाच धरत नाही. गुलदारसारखंच वाहनं आणि नौका पोटात घेणारं अमेरिकेचं ‘स्पीगल ग्रोव्ह’ २००२ च्या मे महिन्यात फ्लोरिडात कृत्रिम खडक म्हणून बुडवायचं होतं. ते ठरल्या वेळेआधीच बुडू लागलं, उलटलं, नाक पाण्याबाहेर काढून अडकून राहिलं आणि आणखी खटाटोप करून कुशीवर तळाला बसवावं लागलं. तीन वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, ‘डेनिस’ चक्रीवादळाच्या लाटांनी १५५ मीटर लांबीचं ते धूड तळाशी असतानाच फिरवून सरळ उभं केलं. ते चाळीस मीटर खोल होतं. गुलदार त्याच्या जवळपास निम्म्या लांबीची आहे आणि तिच्यासाठी ठरवलेली खोली वीस-बावीस मीटर, म्हणजे लाटांचा जोर तिथे जास्त पोचणार. जून ते सप्टेंबर निवतीचा समुद्र कसा असतो हे तिथल्या नाखव्यांना विचारावं. दरवर्षी पर्यटकांना खाली सोडण्याआधी, ऑक्टोबरात, जहाज किती सरकलं, कुठला पत्रा सुटला, आतला रणगाडा आणि त्याच्या साखळ्या जागेवर आहेत का, हे पाणबुड्यांनी पाहून नोंदवायला हवं, आणि त्या पाहणीचा खर्च पहिल्या वर्षाच्या तिकिटापासूनच धरलेला असायला हवा.